दोन आलेख, एकच नॉइज : बेल लॅब्जमधलं श्योन प्रकरण

बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतला भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक श्योन याचे पेपर आज आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातले, तर बहुधा बिनबोभाट पास होतील. त्याच्यावर कुणाची वाक्यं उचलल्याचा आरोप कधीच नव्हता. सहलेखक नामांकित, संस्था जगात दबदबा असलेली, जर्नलं ‘नेचर’ आणि ‘सायन्स’. गोम एवढीच होती, की त्यातल्या बऱ्याच आलेखांमागे ती मोजमापंच नव्हती.

संशोधन-नीतीच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण आवर्जून घेतो, त्याचं पहिलं कारण हेच. आपल्याकडे ‘इंटिग्रिटी’ म्हटलं की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे टक्केवारी येते. यात त्याचा दोष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी साम्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या : १० टक्क्यांपर्यंत माफ, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्या, ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येणार नाही, आणि ६०च्या वर गेलात तर नोंदणी रद्द. पुढे आयोगानं पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. पाऊल चांगलंच होतं. पण त्या तासांची वाटणी पाहा. प्रकाशनाच्या नीतीला सात तास, डेटाबेस आणि संशोधनाच्या मोजपट्ट्यांना सात, आणि प्रत्यक्ष वैज्ञानिक वर्तनाला चार. म्हणजे पेपर बाहेर पडताना काय तपासायचं, हे आपण बऱ्यापैकी शिकवतो. पेपर होण्याआधी प्रयोगशाळेत काय होतं, ते घाईघाईत उरकतो. श्योनचं सगळं प्रकरण त्या आधीच्या भागात घडलं.

माणूस आणि जागा

श्योन जर्मन. जन्म १९७०चा, पीएच.डी. १९९७मध्ये कोन्स्टान्झ विद्यापीठातून. त्यानंतर तो अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये आला. १९४७मध्ये पहिला ट्रान्झिस्टर जिथे बनला, तीच ही संस्था. नोबेल मिळवणारी माणसं जिथे कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर बसलेली असत, अशी जागा. मात्र श्योन तिथे रुळत होता तोवर तिचे दिवस फिरले होते. मालक कंपनी ल्यूसंट दूरसंचार क्षेत्राच्या घसरणीत सापडली होती आणि २००१मध्ये तिथे हजारोंच्या नोकऱ्या जात होत्या. अशा वेळी मूलभूत संशोधनावर खर्च का करायचा, या प्रश्नाला उत्तर म्हणून दाखवता येईल असा तरुण, शांत, विनम्र आणि भराभर निकाल देणारा शास्त्रज्ञ हाताशी असणं कुणाला नको असेल?

त्याला घेणारे बर्ट्राम बाटलोग हे घनपदार्थ भौतिकीतलं मोठं नाव. उच्च तापमानाच्या अतिवाहकांवरच्या (कसलाही रोध न होता वीज वाहू देणाऱ्या पदार्थांवरच्या) १९८७ नंतरच्या धावपळीत ते अग्रभागी होते. त्याचे दुसरे सहकारी क्रिश्चन क्लोक हे सेंद्रिय पदार्थांचे अतिशुद्ध स्फटिक वाढवण्यात वाकबगार. त्यांचे स्फटिक खरे होते आणि उत्तम होते, हे मुद्दाम सांगायला हवं. या प्रकरणात खरं काय होतं तेही नीट लक्षात ठेवलं पाहिजे, कारण खोट्याला उभं राहायला त्याचाच आधार मिळाला.

कल्पनाही खोटी नव्हती. पेंटासीन किंवा टेट्रासीनसारख्या सेंद्रिय स्फटिकावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ विद्युतरोधक थर चढवायचा, त्यावर धातूचा गेट बसवायचा आणि गेटवर विद्युतदाब देऊन स्फटिकाच्या पृष्ठभागावर विद्युतभार ओढून आणायचा. म्हणजे रासायनिक भेसळ न करता, नुसती कळ फिरवून, एकाच पदार्थाला विद्युतरोधक, अर्धवाहक, धातू आणि जमलं तर अतिवाहक बनवायचं. अडचण थराची. एवढा दाब सहन न होऊन तो फुटतो. श्योनचा थर मात्र फुटत नव्हता. का, ते कुणाला कळत नव्हतं. तो थर ज्या यंत्रावर चढवला जाई ते यंत्र बेल लॅब्जमध्ये नव्हतं. ते होतं कोन्स्टान्झला, त्याच्या जुन्या प्रयोगशाळेत, आणि तिथे तो अधूनमधून जाऊन येई.

मग निकालांचा पाऊस सुरू झाला. सेंद्रिय स्फटिकात अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणाम, म्हणजे अतिथंडीत आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रातच दिसणारा एक दुर्मीळ विद्युत परिणाम. विजेवर चालणारा सेंद्रिय लेसर. कार्बनच्या साठ अणूंच्या फुलरीन स्फटिकात ५२ केल्व्हिनला (सुमारे उणे २२१ अंश सेल्सिअस) अतिवाहकता, पुढे त्याच स्फटिकाच्या जाळीत दुसरे रेणू बसवून थेट ११७ केल्व्हिन (सुमारे उणे १५६ अंश). प्लास्टिकमध्ये अतिवाहकता. आणि २००१च्या शरदात कळस : एकाच रेणूच्या जाडीच्या थरातून बनवलेला ट्रान्झिस्टर, आणि पाठोपाठ त्यात रेणू विरळ करत करत जवळजवळ एका रेणूपर्यंत आणलेला. २००१मध्ये सरासरी आठ दिवसाला एक पेपर त्याच्या नावावर येत होता. पारितोषिकं येत होती आणि नोबेलची कुजबुजही चालू होती. जर्मनीतल्या एका माक्स प्लांक संस्थेत त्याला संचालकपद देण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. वय अवघं एकतीस.

जे जमत नव्हतं

जगभर अनेक प्रयोगशाळा हे प्रयोग पुन्हा करून पाहत होत्या. कुणालाच जमत नव्हते. थर फुटत होता.

हा भाग मी वर्गात सगळ्यात सावकाश घेतो. शोधनिबंधांच्या इतिहासात या काळाची जवळजवळ काहीच नोंद नाही, कारण प्रयोग फसल्याचं कुणी छापत नाही. नव्यानं रुजू झालेला एखादा प्राध्यापक, त्याच्या हाताखाली पीएच.डी.चे दोन विद्यार्थी, श्योनच्या पेपरवर बेतलेला प्रकल्प आणि त्यावर मिळालेलं अनुदान. वर्ष उलटतं, निकाल शून्य. विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याच हाताला यश नाही. गाइड म्हणतात, स्फटिक अजून शुद्ध हवा. पेपर चुकीचा असेल हे मनात आलं तरी जिभेवर येत नाही. समोर ‘नेचर’ असतं, बेल लॅब्ज असतात, बाटलोग असतात. बनावट संशोधनाचा बळी कोण, असं विचारलं की बहुतेक विद्यार्थी ‘विज्ञान’ किंवा ‘समाज’ असं मोघम उत्तर देतात. माझ्या मते पहिला बळी असतो दुसऱ्या खंडातल्या प्रयोगशाळेत रात्री अकरा वाजता नवा नमुना बसवणारा असा विद्यार्थी. त्याच्या प्रबंधाची दोन वर्षं कुणीही परत देत नाही आणि कुठल्याही चौकशी अहवालात त्याचं नाव येत नाही.

श्योनकडे विचारणा होत होती. तो उत्तरं देई, सौजन्यानं देई. तो थर तयार होण्यात काही तरी खास आहे, हे स्पष्टीकरण बराच काळ पुरलं. प्रयोगातल्या हातगुणावर भौतिकशास्त्रज्ञांचाही विश्वास असतो, आणि तो अगदीच अनाठायी नसतो. काही तंत्रं खरोखरच एखाद्याच प्रयोगशाळेत वर्षभर चालतात आणि मग हळूहळू पसरतात. म्हणून नुसतं ‘पुन्हा करता आलं नाही’ एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. पण स्फटिक मिळत असूनही कुणाला जमत नसेल, तर चालू स्थितीतलं उपकरण पाहायला मागणं हा पुढचा साधा टप्पा होता. तो कुणी नेटानं घेतला नाही.

नॉइज

वसंत २००२. प्रिन्स्टनच्या लिडिया सोन यांच्या लक्षात आलं, की श्योनच्या दोन वेगवेगळ्या पेपरांतले दोन आलेख शंकास्पद आहेत. प्रयोग वेगळे होते, पण वक्रावरची बारीक थरथर, ज्याला आपण नॉइज म्हणतो, ती दोन्हीकडे टिंबागणिक सारखी होती. नॉइज यादृच्छिक असतो. पत्र्याच्या छपरावर दोन दिवस पाऊस पडला तर आवाज दोन्ही दिवशी पावसाचाच येईल, पण थेंब त्याच क्रमानं त्याच जागी पडणार नाहीत. एका आलेखातला नॉइज दुसऱ्या प्रयोगात हुबेहूब उमटला असेल, तर दुसरा प्रयोग झालेला नाही, निदान तो आलेख त्याचा नाही.

श्योनचं म्हणणं, चुकून एकाच्या जागी दुसरा आलेख गेला. हे घडू शकतं. फाइलींची नावं सारखी असतात, पेपर घाईत जातो. एवढ्यावर विषय मिटलाही असता. पण कॉर्नेलचे पॉल मॅकयुएन यांनी इतर पेपर काढून आलेखाशेजारी आलेख ठेवून पाहिले, तेव्हा तोच नॉइज आणखी एका जुन्या पेपरात सापडला. तिथे पदार्थही वेगळा होता. रेणूच्या थराऐवजी पेंटासीन. चूक एकदा होते. तिसऱ्यांदा तेच निघालं की त्याला चूक म्हणणं कठीण जातं.

पुढे या दोघांनी काय केलं ते प्रशिक्षणाच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे, आणि त्यातलं काहीही सनसनाटी नाही. त्यांनी आलेखांची जोडणी कागदावर नीट मांडली. मे महिन्यात दोन्ही जर्नलांना आणि बेल लॅब्जच्या व्यवस्थापनाला कळवलं. ज्याच्यावर शंका होती त्यालाही अंधारात ठेवलं नाही. हेतूबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, ‘हे दोन आलेख सारखे कसे?’ एवढंच विचारलं. आपल्याकडे तक्रार होते तेव्हा बहुतेकदा उलटं दिसतं : चार पानी पत्र, त्यात साडेतीन पानं विभागातलं राजकारण, आणि मूळ आकड्यांबद्दल दोन ओळी. असं पत्र फाइलबंद करणं कुठल्याही कुलसचिवाला सोपं जातं. शेजारी शेजारी ठेवलेले दोन आलेख फाइलबंद करणं अवघड.

समिती

बेल लॅब्जनंही एक गोष्ट चोख केली. घरच्या घरी चौकशी न करता समिती बाहेरच्या माणसाच्या हाती दिली. अध्यक्ष स्टॅनफर्डचे माल्कम बीझली. सोबत पर्ड्यूचे सुप्रियो दत्ता, नोबेल विजेते हर्बर्ट क्रोमर, बेल लॅब्जचे हर्विग कोगेलनिक आणि अगेरे सिस्टिम्स कंपनीचे डॉन मन्रो. समितीपुढे २५ पेपर आणि २० सहलेखक होते. अहवाल चार महिन्यांत, सप्टेंबर २००२मध्ये आला आणि तो लोकांसमोर मांडला गेला. आरोपांची छाननी करून २४ मुद्दे ठरवले होते, त्यांपैकी १६ मुद्द्यांवर गैरवर्तन सिद्ध झालं. उरलेल्या आठांपैकी दोनांचा प्रकाशनांशी स्पष्ट संबंध नव्हता, आणि सहा मुद्दे त्रासदायक असले तरी पुरावा पुरेसा नाही असं समितीनं म्हटलं. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटतं. सोळा सापडले म्हणून बाकीचे सहाही त्यातच ढकलून देण्याचा मोह समितीला झाला नाही.

आरोपांचे प्रकार तीन होते. पहिला, एकाच आकडेवारीचा वेगवेगळ्या प्रयोगांसाठी वापर. कधी पूर्ण वक्र, कधी त्याचा तुकडा, कधी एखाद्या स्थिरांकानं गुणून. दुसरा, न पटणारी अचूकता. प्रत्यक्ष मोजणीत जेवढा विखुरलेपणा यायलाच हवा तेवढाही नाही, आकडे गणिती सूत्रावर नको तितके चपखल बसलेले. काही ठिकाणी मोजलेल्या बिंदूंऐवजी थेट सूत्रातून काढलेला वक्र डेटा म्हणून छापल्याचं श्योननंही कबूल केलं. तिसरा प्रकार, ज्ञात भौतिकीशी न जुळणारे निकाल.

वर्गात दुसऱ्या प्रकारापाशी मुलं चुळबुळ करतात. सरसकट आकडे रचणं हे आपल्यातलं कुणी करणार नाही, असं प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत असतं. पण दोन वेडेवाकडे बिंदू गाळणं? वक्र जरा गुळगुळीत करणं? ‘सर म्हणाले, हा बिंदू आउटलायर आहे, काढून टाक’ हे वाक्य ज्यानं कधी ऐकलं नाही असा प्रयोगशील विद्यार्थी सापडणं कठीण. बिंदू काढायला हरकत नसते. काढला, का काढला आणि कुठल्या निकषावर काढला, हे वहीत आणि पेपरात लिहिलेलं असलं की ती नेहमीची पद्धत असते. लिहिलेलं नसलं की आपण श्योनच्या रस्त्यावर असतो. किती पुढे, एवढाच प्रश्न.

मग समितीनं मूळ नोंदी मागितल्या. पद्धतशीर ठेवलेली प्रयोगवही नव्हती. कच्च्या आकड्यांच्या जवळजवळ सगळ्या फाइली पुसलेल्या होत्या. कारण सांगितलं गेलं, की जुन्या संगणकात जागा पुरत नव्हती. नमुने? काही फेकले गेले, काही मोजताना किंवा नेता-आणताना खराब झाले. दाव्याची खातरजमा करता येईल असं एकही चालू उपकरण उरलेलं नव्हतं. काही अपवाद वगळता उपकरण बनवणं, मोजणं, आकडे हाताळणं हे सारं श्योन एकटा करत असे, आणि महत्त्वाच्या निकालांपैकी एकही निकाल कुठल्याही सहलेखकानं घडताना डोळ्यांनी पाहिला नव्हता.

हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहितो. बाकी काही लिहीत नाही.

श्योनला अहवाल आला त्याच सुमारास कामावरून काढण्यात आलं. आपल्याकडून चुका झाल्या, पण ते परिणाम आपण खरोखर पाहिले होते आणि ते खरे आहेत, अशी भूमिका त्यानं अहवालाला जोडलेल्या निवेदनात घेतली. ‘सायन्स’नं त्याचे आठ पेपर मागे घेतले, ‘नेचर’नं पुढच्या मार्चमध्ये सात. इतर जर्नलांनीही तेच केलं.

सहलेखकांचं काय

समितीनं सगळ्या सहलेखकांना गैरवर्तनाच्या आरोपातून मोकळं केलं. क्लोक यांनी स्फटिक दिले, ते खरे होते. इतरांनी आपापला वाटा दिला, तोही खरा होता. बाटलोग यांच्याबाबत मात्र अहवाल थबकतो. इतके असामान्य निकाल आपल्या नावानं बाहेर पडत असताना ज्येष्ठ शास्त्रज्ञानं त्यांची अधिक कसून तपासणी करायला हवी होती का, असा प्रश्न समितीनं उपस्थित केला, आणि सहलेखकाची जबाबदारी नेमकी किती याबद्दल विज्ञानजगतात एकमतच नाही, हेही नमूद केलं.

यावर माझं मत समितीपेक्षा कडक आहे. बाटलोग २०००मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात गेले होते, त्यामुळे रोजच्या कामावर त्यांची नजर असणं शक्य नव्हतं, हे मान्य. पण कौतुकाच्या व्याख्यानांत निकाल सांगताना जर आपला आवाज चढत असेल, तर त्या निकालामागची एक तरी मोजणी शेजारी बसून पाहण्याचं बंधन येतं. लेखकांच्या यादीत शेवटचं नाव असण्याचा मान आणि त्या नावाची जोखीम वेगळी काढता येत नाही.

अडचण अशी, की ‘मला कच्चा डेटा दाखव’ हे वाक्य आपल्याला आरोपासारखं ऐकू येतं. तिकडेही येत असणार. आपल्याकडे तर त्यावर नात्यांचे थर चढलेले असतात. ज्युनियरनं सीनियरला विचारायचं म्हणजे आगाऊपणा, सरांना विचारायचं म्हणजे उद्धटपणा, आणि सरांनी लाडक्या विद्यार्थ्याला विचारायचं म्हणजे अविश्वास. म्हणून प्रशिक्षणात मी मुलांना जोडीनं बसवून एवढंच करायला लावतो : एकानं दुसऱ्याकडे मूळ फाइल मागायची, मराठीत, नेहमी बोलतो तशी. सुरुवातीला हसतात. मग लक्षात येतं, की हे वाक्य आपल्या तोंडात बसत नाही. ‘मॅडम, पुढच्या वेळी रीडिंग घेताना मी थांबू का? मला शिकायचंय,’ हे एका विद्यार्थिनीनं सुचवलेलं रूप मला आवडलं. त्यात खोटंही नाही आणि चौकशीचा वासही नाही. गाइडच्या बाजूनं तर ते आणखी सोपं आहे. गटाची दर आठवड्याची बैठक तयार स्लाइडवर न घेता यंत्रातून निघालेल्या फाइलीवर घ्यायची. सगळ्यांचीच फाइल उघडली जाते तेव्हा कुणा एकाला संशयित वाटत नाही.

काहींचा आक्षेप असतो, की सगळंच तपासत बसलो तर सहकार्य कसं होणार? स्फटिक वाढवणाऱ्यानं लेसरचं गणित तपासावं का? नाही, तपासू नये, जमणारही नाही. पण पेपरातला मुख्य दावा ज्या एका मोजणीवर उभा आहे, ती लेखकांपैकी किमान दोघांनी पाहिलेली असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. अमेरिकन फिजिकल सोसायटीनं नोव्हेंबर २००२मध्ये आपल्या आचारसंहितेत सहलेखकांच्या जबाबदारीवर भर टाकली. प्रत्येक सहलेखकावर पेपरची काही ना काही जबाबदारी असते, आणि काहींवर संपूर्ण पेपरची असते, असा त्याचा रोख. निकाल आणि त्यांच्या नोंदी जपून ठेवाव्यात, हेही त्यात आलं.

जर्नलांच्या परीक्षकांकडे बोट दाखवणारेही वर्गात असतात. परीक्षकाच्या हातात हस्तलिखित असतं, प्रयोगशाळा नसते. त्याला दोन वेगवेगळ्या जर्नलांतले आलेख शेजारी ठेवण्याचं काही कारण नव्हतं. दोष असलाच तर संपादकीय घाईचा आहे, आणि तो आजही गेलेला नाही. विज्ञान स्वतःला सुधारतं, या वाक्यावर मात्र हे प्रकरण शिकवताना मी फारसा विसंबत नाही. सुधारलं ते खरं, पण कशामुळे? श्योननं आळस केला म्हणून. त्यानं प्रत्येक बनावट वक्राला ताजा यादृच्छिक नॉइज लावला असता, तर सोन आणि मॅकयुएन यांच्या हाती काय लागलं असतं? कदाचित काहीच नाही. आज तसा नॉइज तयार करणं कुठल्याही लॅपटॉपवर एका ओळीचं काम आहे. म्हणून छापलेला आलेख पाहून चोर पकडण्याच्या युक्त्यांपेक्षा, वहीतली तारीखवार नोंद, यंत्रातून निघालेली मूळ फाइल आणि कपाटातला जपलेला नमुना या तिन्हींवर मी प्रशिक्षणाचा वेळ घालवतो. फाइल पुसायची असेल तर आधी कुणाला तरी विचारावं लागेल, एवढी साधी व्यवस्था बेल लॅब्जच्या त्या मजल्यावर नव्हती.

पदवीचा वाद

शेवटचा अर्धा तास मी एका वेगळ्या प्रश्नासाठी ठेवतो, आणि त्यावर वर्ग दरवेळी दुभंगतो. कोन्स्टान्झ विद्यापीठानं २००४मध्ये श्योनची डॉक्टरेट काढून घेतली. गंमत अशी, की त्याच्या प्रबंधात फसवणूक सिद्ध झालेली नव्हती. जे झालं ते नंतर, दुसऱ्या देशात, दुसऱ्या नोकरीत. विद्यापीठानं आधार घेतला राज्याच्या कायद्यातल्या एका तरतुदीचा : पदवीधारकाचं नंतरचं वर्तन पदवीला न शोभणारं ठरलं, तर ती परत घेता येते. जर्मन संशोधन निधी संस्थेनंही त्याच वर्षी त्याला आठ वर्षं अर्ज करण्यास मनाई केली.

श्योन कोर्टात गेला. २०१०मध्ये फ्रायबुर्गच्या प्रशासकीय न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. २०११मध्ये मानहाइमच्या वरच्या न्यायालयानं तो फिरवला, २०१३मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयानं विद्यापीठाचा निर्णय कायम केला आणि २०१४मध्ये घटनात्मक न्यायालयानंही त्याला दाद दिली नाही. सूत्र असं, की डॉक्टरेट ही धारकाच्या वैज्ञानिक कामावर इतरांनी टाकलेल्या विश्वासाची खूण आहे आणि विज्ञानाच्याच क्षेत्रात त्यानं गंभीर फसवणूक केली, तर ती खूण ठेवण्याचा हक्क राहत नाही.

आपल्याकडची मुलं यावर फार तावातावानं बोलतात. प्रबंध खरा असेल तर पदवी कष्टाची आहे, ती काढून घेणं म्हणजे केलेल्या कामाचं दाम हिसकावणं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, पदवी हे पाच वर्षांच्या कामाचं वेतन नव्हतंच, ते पुढे एकट्यानं प्रयोग करू देण्याचं परवानापत्र होतं. मग कुणी तरी विचारतं, की असं असेल तर त्या परवानापत्रावर सही करणाऱ्या गाइडचं काय? तिथे तास संपतो, आणि बोलणं बाहेर चहाच्या टपरीवर चालू राहतं.